कंपवाताचा नकाशा

मिसिसिपी राज्यातली कोपाया काउंटी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला खेड्यापाड्यांचा मुलूख. गोरे आणि काळे तिथे जवळपास बरोबरीने राहतात. १९७८ मध्ये या काउंटीत घरोघर जाऊन मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांची मोजणी झाली. लक्षणांची विचारपूस करायची आणि शंका आली की त्या माणसाला मज्जाविकारतज्ज्ञांनी तपासायचे, अशी ही पद्धत होती. तिच्यामागे ब्रूस शोएनबर्ग हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक होते.

काळ्या लोकांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, कमी होतो असे तोवर मानले जाई. आधार होता रुग्णालयांच्या दप्तरांचा. दारोदार मोजणी झाल्यावर दिसले की दोन्ही समाजांतल्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. सापडलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे निदान आधी झालेलेच नव्हते. रुग्णालयाच्या दप्तरातून हा आजार नाहीसा झाला होता, कारण आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोचलाच नव्हता.

पुढे हीच पद्धत पश्चिम नायजेरियातल्या इग्बो-ओरा या गावात वापरली गेली. तिथे निघालेले प्रमाण कोपायातल्या काळ्या रहिवाशांच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके होते. मिसिसिपीतल्या काळ्या कुटुंबांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतूनच गुलाम म्हणून नेलेले. मग अटलांटिकच्या दोन काठांवर एवढी तफावत का? कदाचित इग्बो-ओरातले रुग्ण उपचारांअभावी लवकर दगावत असतील, म्हणून मोजणीच्या दिवशी कमी दिसले असतील. कदाचित मिसिसिपीच्या हवापाण्यात किंवा मातीत काही निराळे असेल. शोएनबर्ग यांच्या मोजणीतून उत्तर मिळाले नाही, पण प्रश्न नीट मांडला गेला.

या मोजणीचा आणखी एक मुक्काम मुंबई होता. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोएनबर्ग यांच्याबरोबर मुंबईच्या पारशी वसाहतींमधल्या १४,०१० रहिवाशांची घरोघर पाहणी केली. १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. कंपवाताचे ४६ रुग्ण सापडले होते, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. हा आकडा जगातल्या मोठ्या आकड्यांमध्ये गणला जाई. मात्र पारशी समाजात वृद्धांची संख्या खूप मोठी आहे आणि हा आजार मुख्यतः उतारवयाचा. वयाचा हिशेब लावला की आकडा बराच खाली येतो. आजाराचा नकाशा वाचताना पहिला धडा हाच घ्यावा लागतो. कुणी मोजले, कसे मोजले आणि मोजलेली माणसे किती वयाची होती, हे पाहिल्याशिवाय कुठल्याही ठिकाणाला दोष देता येत नाही.

आजाराची ओळख तशी जुनी. लंडनच्या होक्स्टन भागात राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांचे वर्णन करणारा निबंध छापला. त्यांतले काही रुग्ण त्यांनी नुसते रस्त्यात चालताना पाहिले होते. हातांची थरथर, वाकलेले अंग, तोल सावरण्यासाठी टाकलेली घाईची पावले, सारे त्यांनी टिपले. विसाव्या शतकाच्या मध्यावर आजाराचे ठिकाण पक्के झाले. मेंदूच्या बुडाशी सबस्टँशिया नायग्रा नावाचा काळसर पेशींचा छोटा पुंजका असतो. हालचालींना लागणारे डोपामिन या पेशी तयार करतात, आणि कंपवातात त्या मरत जातात. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते, हे १९६० च्या सुमारास व्हिएन्नात सिद्ध झाले. डोपामिनची उणीव भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध तिथे आणि कॅनडातल्या माँट्रियलमध्ये रुग्णांना देऊन पाहण्यात आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते सर्रास वापरात आले.

औषध सापडले, कारण सापडले नाही. हाताची पहिली थरथर दिसेपर्यंत त्या पुंजक्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. ऱ्हासाची सुरुवात त्याआधी कित्येक वर्षे होते. साठाव्या वर्षी डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाला कारण विचारायचे तर तो तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी कुठे राहत होता, काय पीत होता, शेजारच्या शेतावर काय फवारले जात होते, हे ठाऊक असावे लागते. हे कुणाला नेमके आठवते? म्हणून पुष्कळ काळ हा आजार म्हातारपणाच्या खात्यावर जमा होत राहिला.

१९८२ च्या उन्हाळ्यात ही समजूत हादरली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या रुग्णालयात बेचाळीस वर्षांचा एक माणूस आणला गेला. बोलत नव्हता, हलत नव्हता, डोळे उघडे होते. आधी तो मानसिक आजार वाटला. मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी तपासले तेव्हा समोर प्रगत अवस्थेतला कंपवात दिसत होता. पण कंपवात वर्षानुवर्षे रेंगाळत येतो, आणि हा माणूस काही दिवसांत गोठला होता. लवकरच आणखी तसेच रुग्ण सापडले, त्यांतले काही तर विशी-तिशीतले. सर्वांनी हेरॉइनच्या जागी विकला जाणारा घरगुती प्रयोगशाळेतला एक कृत्रिम पदार्थ टोचून घेतला होता. तो बनवताना कृतीत चूक होऊन एमपीटीपी नावाचे रसायन त्यात तयार झाले होते. १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीकत छापली. लेव्होडोपा दिल्यावर ही गोठलेली माणसे हलू-बोलू लागत. मेंदूतला घाव त्याच जागी झाला होता याची ती खूण होती.

हे रसायन काम कसे करते, हे पुढच्या काही वर्षांत उलगडले. ते मेंदूत शिरते, तिथले एक विकर त्याचे रूप पालटते आणि एमपीपी-प्लस हा घटक बनतो. डोपामिन बनवणाऱ्या पेशी त्याला डोपामिन समजून आत ओढून घेतात. आत गेल्यावर तो मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेला, बंद पाडतो. पेशी उपाशी मरते. बाहेरचे एखादे साधे रसायन नेमक्या त्याच पेशी वेचून मारू शकते, हे इतिहासात प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. एमपीपी-प्लसची रचना पॅराक्वॅट या तणनाशकाशी विलक्षण जुळत होती. खुद्द एमपीपी-प्लसदेखील एकेकाळी तणनाशक म्हणून अजमावून पाहिले गेले होते.

पॅराक्वॅट ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६२ मध्ये बाजारात आणले. कीडनाशकांच्या धोक्यांचा इशारा देणारे रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेही याच वर्षी. पानाला लागताच हिरवे तण जाळणारे आणि मातीला टेकताच तिच्यात घट्ट बसणारे हे रसायन वीस वर्षांत जगभर पसरले होते. अमेरिकेत, कॅनडात, आशियात शेतकरी ते पाठीवरच्या पंपातून मारत होते. लँगस्टन यांच्या रुग्णांनी विष टोचून घेतले होते. शेतकरी त्याच्या चुलतभावाच्या तुषारांत उभा होता.

हा धागा ज्यांनी सर्वात आधी उचलला त्यांत माँट्रियलचे आंद्रे बार्बो होते. लेव्होडोपाचे सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्यांपैकी ते एक. १९८५ मध्ये त्यांच्या गटाने बेडकांना एमपीटीपी, एमपीपी-प्लस आणि पॅराक्वॅट देऊन तिन्हींचे परिणाम ताडून पाहिले. मग बार्बो नकाशाकडे वळले. क्वेबेक हा प्रचंड प्रांत, आणि त्याची विभागणी नऊ नदीखोऱ्यांमध्ये होते. बार्बो यांनी तीन वेगवेगळ्या नोंदी एकत्र लावून प्रत्येक खोऱ्यात कंपवाताचे रुग्ण किती, हे काढले. खेड्यांमध्ये आजार सारखा पसरलेला नव्हता. भाजीपाला पिकवणाऱ्या पट्ट्यात आणि कागदाच्या लगद्याच्या गिरण्या असलेल्या भागात तो जास्त होता. शेतीप्रधान खोऱ्यांत तर कीडनाशकांचा वापर आणि आजाराचे प्रमाण यांची सांगड फारच घट्ट दिसली. १९८६ मध्ये बार्बो वारले. हा अभ्यास पुढच्या वर्षी छापून आला.

त्याच सुमारास कॅनडातल्याच सस्कॅचवान प्रांतात अली राजपूत या मज्जाविकारतज्ज्ञांना दिसले की कमी वयात कंपवात झालेल्या त्यांच्या रुग्णांपैकी बहुतेक जण बालपणी खेड्यात वाढलेले आणि विहिरीचे पाणी प्यायलेले होते. दोन दिशांनी येणाऱ्या वाटा शेतावर एकत्र येत होत्या.

तरी दोन गोष्टी एकाच खोऱ्यात जास्त आढळल्या म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही. खेड्यातला माणूस विहिरीचे पाणी पितो, वेगळे खातो, वेगळे काम करतो. यांतले नेमके काय बाधते? शिवाय पॅराक्वॅट दिसायला एमपीपी-प्लससारखे असले तरी पेशीत त्याचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते, असे पुढे दिसून आले. या हरकती रास्त होत्या. त्यांना उत्तर द्यायला आणखी वीस वर्षे लागली.

मध्येच वारे उलटे फिरले. रॉजर दुव्हॉइसिन या अमेरिकी तज्ज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जुळ्या भावंडांचा अभ्यास करून कंपवात आनुवंशिक नसावा असे म्हटले होते. पुढे त्यांच्याच गटाला इटलीतल्या कोन्तुर्सी गावातून निघालेल्या एका मोठ्या कुटुंबाचा माग लागला. त्यात पिढ्यान्पिढ्या हा आजार उतरत आला होता. १९९७ मध्ये त्या कुटुंबातले दोषी जनुक सापडले. पण अशी जनुके फार थोड्या रुग्णांत आढळतात. १९९९ मध्ये कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्या भावांच्या मोठ्या नोंदवहीचा अभ्यास छापला. त्यात १९,८४२ पुरुष होते. पन्नाशीच्या आत आजार झाला असेल तर आनुवंशिकता जोर धरते. पन्नाशीनंतर मात्र एकाला झाला म्हणून त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला होण्याची शक्यता साध्या जुळ्यांपेक्षा वेगळी दिसली नाही. आणि बहुसंख्य रुग्ण पन्नाशीनंतरचेच.

२००० मध्ये अटलांटात टिमोथी ग्रीनामायर यांच्या गटाने रोटेनोन हे कीडनाशक उंदरांना दीर्घकाळ थोडे थोडे दिले. रोटेनोन वनस्पतीच्या मुळांतून मिळते, म्हणून 'नैसर्गिक' म्हणून विकले जाई. तेही मायटोकॉन्ड्रियाच्या नेमक्या त्याच टप्प्यावर घाव घालते जिथे एमपीपी-प्लस घालतो. उंदरांच्या मेंदूत डोपामिनच्या पेशी मेल्या. शिवाय कंपवाताच्या रुग्णांत आढळतात तशा प्रथिनांच्या गाठीही पेशींमध्ये दिसल्या. प्रयोगशाळेतला दुवा आता बळकट होता. उरले होते ते माणसांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर.

ते कॅलिफोर्नियात सापडले. राज्याच्या मध्यभागी सेंट्रल व्हॅली नावाचे लांबच लांब खोरे आहे. द्राक्ष, बदाम, कापूस, टोमॅटो, संत्री अशी पिके तिथे निघतात. कॅलिफोर्नियात शेतीतल्या निर्बंधित रसायनांच्या वापराचे अहवाल १९७० च्या दशकापासून भरून घेतले जात होते, आणि १९९० पासून शेतीतल्या सर्व कीडनाशकांच्या वापराची नोंद सक्तीची झाली. कोणत्या पिकावर, कोणत्या चौरस मैलात, कोणत्या तारखेला, किती रसायन मारले, हे काउंटीच्या कृषी आयुक्तांकडे द्यावे लागे. तेव्हा कंपवात कुणाच्या मनातही नव्हता.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बिआट रिट्झ आणि सहकाऱ्यांनी या जुन्या कागदांना वाचा फोडली. फ्रेस्नो, कर्न आणि तुलारे या तीन काउंट्यांतले ३६८ रुग्ण आणि ३४१ निरोगी माणसे त्यांनी निवडली आणि प्रत्येकाचे १९७४ पासूनचे राहण्याचे पत्ते घेतले. पिकांच्या नकाशावर फवारणीचे अहवाल ठेवले आणि त्या नकाशावर पत्ते. घराजवळ काय फवारले गेले, हे माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहिले नाही. २००९ मध्ये छापलेल्या या अभ्यासात दिसले की ज्यांच्या घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वॅट आणि मानेब हे बुरशीनाशक दोन्ही मारले गेले होते, त्यांचा कंपवाताचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त होता. साठीच्या आत आजार झालेल्यांमध्ये, सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही रसायने जवळ मारली गेली असतील तर धोका चौपटीवर जात होता. यातले बहुतेक जण फवारणी करणारे नव्हते. ते नुसते शेजारी राहत होते. त्याच खोऱ्यात केलेल्या आणखी एका अभ्यासात कीडनाशके मुरलेल्या भागांतल्या विहिरींचे पाणी आणि कंपवात यांचाही संबंध दिसला. सस्कॅचवानमध्ये राजपूत यांनी टिपलेल्या निरीक्षणाला वीस वर्षांनी आकड्यांचा आधार मिळाला.

२०११ मध्ये टॅनर यांच्या गटाने आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथल्या फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. पॅराक्वॅट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट निघाले. याच शेतकऱ्यांच्या पुढच्या विश्लेषणात दिसले की जे नेमाने हातमोजे घालत, त्यांच्यात हा वाढीव धोका उठून दिसत नाही. रबरी हातमोज्यांची किंमत किती असते?

पॅराक्वॅट बनवणारी सिंजेंटा कंपनी हा संबंध मान्य करत नाही. एका रुग्णाकडे बोट दाखवून 'याला याच रसायनाने झाले' असे विज्ञानही सांगू शकत नाही, कारण जनुके, वय आणि अनेक विषारी घटक एकत्र काम करतात. पण समाजाने निर्णय घ्यायला एवढी खात्री पुरेशी असते, हे फ्रान्सने दाखवले. तिथे २०११ मध्ये कीडनाशकांनी आजारी पडलेले शेतकरी आपली संघटना उभारून पुढे आले. २०१२ मध्ये सरकारने हुकूम काढून कीडनाशकांच्या संपर्कात राहिलेल्या शेतकऱ्याचा कंपवात हा व्यवसायजन्य आजार मानला, आणि अशा शेतकऱ्याला भरपाईचा हक्क मिळाला. पाच वर्षांनी फ्रान्सचा सबंध नकाशा तयार झाला. त्यात द्राक्षमळ्यांचा वाटा मोठा असलेल्या भागांत कंपवाताचे नवे रुग्ण अधिक दिसले. पॅराक्वॅटची परवानगी युरोपच्या न्यायालयाने २००७ मध्येच रद्द केली होती. तरीही इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड इथल्या कारखान्यात ते बनत राहिले आणि बाहेरच्या देशांत जात राहिले.

त्या बाहेरच्या देशांतच आपण येतो. निंदणी-खुरपणीला माणूस मिळेनासा झाला तसे महाराष्ट्रात तणनाशक घरोघर पोचले. मानेबच्या कुळातले मॅन्कोझेब द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या वापरातले आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ती कीडनाशकांची तात्काळ विषबाधा होती. काही दिवसांतच माणसे कोसळली, म्हणून ती बातमी झाली, चौकशी झाली. कंपवात असा कोसळवत नाही. आज पंप पाठीवर घेऊन उघड्या हातांनी फवारणारा तिशीतला मजूर साठीला पोचेल तेव्हा त्याच्या हाताच्या थरथरीचा आजच्या फवारणीशी संबंध जोडायला एकही कागद नसेल. कोपायात रुग्ण दप्तरात नव्हते. इथे रुग्णही नोंदलेले नाहीत आणि फवारणीही.

हे बदलायला आपल्याकडे काहीच नाही, असे मात्र नाही. युरोपला द्राक्षे पाठवणारा नाशिक-सांगलीचा बागायतदार आपल्या बागेची नोंदणी करतो आणि कोणते औषध कधी मारले याची नोंद ठेवतो, कारण तिकडच्या ग्राहकाच्या ताटात विषाचा अंश जाऊ नये यासाठी निर्यातीची व्यवस्था ती मागते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे हे शेतकरी मोबाइलवरून नोंदवतो आणि ते सातबाऱ्यावर येते. पिकांचा नकाशा होतो आहे, आणि फवारणीची नोंद कशी ठेवायची हे राज्यातल्या हजारो बागायतदारांना आधीच येते. या दोन गोष्टी जोडून प्रत्येक पिकासाठी फवारणीची नोंद सुरू केली आणि जिल्हा रुग्णालयांत कंपवाताच्या रुग्णाला त्याचे गाव आणि कामाचा इतिहास विचारून तो लिहून ठेवला, तर वीस वर्षांनी नकाशावर जे उमटेल ते नाकारणे कुणालाही सोपे जाणार नाही.

कॅलिफोर्नियाने ती नोंद घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिचा उपयोग कुणासाठी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्याला आज ठाऊक आहे. म्हणूनच ही नोंद लांबणीवर टाकायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही. परदेशी ग्राहकाच्या आरोग्यासाठी जेवढी काळजी आपण द्राक्षाच्या घडाची घेतो, तेवढीच तो घड फवारणाऱ्या माणसाची घेणे हे सरकारचे आणि आपल्या सगळ्यांचे कर्तव्य आहे. आणि ही नोंद सुरू होईपर्यंतही हातमोजे, तोंडावरचे आवरण आणि वाऱ्याच्या दिशेचे भान या तीन गोष्टी प्रत्येक फवारणाऱ्याच्या हाती पोचवता येतात. त्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.